पैसे गेले, आता माणूस सांभाळा: ऑनलाइन फसवणूक आणि तुमची तब्येत

मार्च २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, बीडी गावात, एका वृद्ध जोडप्याने आयुष्य संपवलं. नवरा महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला, वय ऐंशीच्या पुढे, पोटी मूल नाही. दिल्लीचे अधिकारी असल्याचं सांगणाऱ्या अनोळखी माणसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर धमकावून पन्नास लाखांहून जास्त रुपये काढून घेतले होते, आणि मागणी थांबत नव्हती. त्याच वर्षी पुण्यात ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांचे १ कोटी १९ लाख रुपये अशाच पद्धतीने गेले. काही आठवड्यांतच ते राहत्या घरी कोसळले आणि हृदयविकाराच्या झटक्याने वारले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या ७६ वर्षांच्या एक निवृत्त सरकारी डॉक्टर सुमारे सत्तर तास अशाच कॉलच्या धाकाखाली होत्या. त्याही हृदय बंद पडून गेल्या.

या बातम्या ‘सायबर गुन्हे’ म्हणून छापून येतात. मला त्या तब्येतीच्या बातम्या वाटतात. पुण्याचा किंवा हैदराबादचा मृत्यू फक्त त्या फोनमुळेच झाला, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. त्या वयात हृदयाला इतरही कारणं असतात. पण ताणाने रक्तदाब चढतो, झोप उडते, गोळ्या चुकतात, आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना एवढं पुरतं, हे मात्र आम्हाला रोजच्या अनुभवाने माहीत आहे. म्हणून आरोग्याच्या या जागेवर फसवणुकीबद्दल लिहितोय. पासवर्ड कसा ठेवावा हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते वेगळं आहे. फसलेल्या माणसाचं पहिलं नुकसान चोर करतो, आणि दुसरं नुकसान त्याची स्वतःची लाज आणि घरच्यांची बोलणी मिळून करतात. हे दुसरं आपल्या हातात आहे.

घाबरलेलं शरीर काय करतं

ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात तो प्रकार थोडक्यात असा. फोन येतो. तुमच्या आधारवर सिम घेऊन गुन्हा झालाय, किंवा तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, शिक्के मारलेला वॉरंटचा कागद. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितलं. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला चोरांनी खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे खोटे आदेश दाखवले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये डिजिटल अरेस्ट आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या ३९,९२५ तक्रारी होत्या. २०२४ मध्ये त्या १,२३,६७२ झाल्या.

‘शिकली सवरलेली माणसं फसतातच कशी?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हैदराबादच्या त्या बाई डॉक्टर होत्या, यातच उत्तर आहे. भीती वाटली की अॅड्रिनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल वाढतं. हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं, आणि मेंदूचा जो भाग थांबून हिशोब करतो तो मागे पडतो. साप दिसल्यावर उडी मारायला ही व्यवस्था उत्तम आहे. वॉरंट खरं की खोटं हे तपासायला ती निरुपयोगी आहे. त्यात माणसाला रात्रभर जागं ठेवलं, जेवू दिलं नाही, की दुसऱ्या दिवशी तो सांगितलेलं ऐकण्यापलीकडे काही करू शकत नाही. शिक्षणाचा इथे फारसा संबंध उरत नाही. मधुमेह असलेल्याची साखर या गडबडीत खाली-वर होते, आणि साखर उतरली की माणूस आणखीच गोंधळतो.

आणखी एक आजार इथे सांगायला हवा, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. अचानक बसलेल्या मोठ्या मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा काही काळ नीट आकुंचन पावत नाही. जपानी डॉक्टरांनी याला ‘ताकोत्सुबो’ नाव दिलं, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, कारण तपासणीत हृदयाचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. लक्षणं थेट हार्ट अटॅकसारखी असतात, आणि फरक फक्त हॉस्पिटलमध्येच कळतो. म्हणून ‘टेन्शन आलंय तिला, जरा पडू दे’ असं म्हणून छातीतलं दुखणं घरात ठेवू नका.

अशा वेळी ‘नीट विचार करा’ हा सल्ला फुकट जातो, कारण विचार करणारा भागच तेव्हा बाजूला पडलेला असतो. शरीराला जमेल असं काही तरी करा. फोन खाली ठेवा. उठून दारात या. पाणी प्या. शेजारच्या माणसाला हाक मारा आणि फोन त्याच्या हातात द्या. तिसरा माणूस खोलीत आला की या चोरांचा खेळ बहुतेक वेळा संपतो. म्हणून तर ‘कुणाला सांगू नका’ ही त्यांची पहिली अट असते.

आपल्याकडचं दुखणं जरा निराळं

शहापूर-मुरबाडकडे कोट्यवधींचे डिजिटल अरेस्ट क्वचितच ऐकू येतील. इथे मोठी रक्कम आली ती समृद्धी महामार्गासारख्या कामांत जमिनी गेलेल्यांच्या खात्यात. अशी रक्कम गावात सगळ्यांना माहीत असते. त्यांना दुप्पट परताव्याचे आणि शेअरच्या ग्रुपचे मेसेज येणारच, असं धरून चाला. पण बाकीच्यांचं जे जातं ते दीड हजार, चार हजार, मजुरीचे नाहीतर भाताचे पैसे. आकडा लहान असला तरी घराच्या मानाने तो पुण्याच्या कोटीहून लहान नसतो. औषध अर्धं घेतलं जातं, तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. आटगावसारख्या ठिकाणी दवाखान्यात बसलं की हे आधी बीपीच्या आकड्यात दिसतं, कारण नंतर कळतं.

इथला चोर फोनपेक्षा अंगठ्यावर जास्त अवलंबून असतो. आधारवर चालणारी पैसे काढण्याची पद्धत, जिला एईपीएस म्हणतात, तिला ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत रुपये निघतात. ही सोय वाईट नाही. पाड्यावरच्या म्हातारीला बँकेच्या शाखेपर्यंत जीपने जावं लागत नाही ते तिच्यामुळेच. पण तेलंगण आणि हरियाणात पकडलेल्या टोळ्यांनी जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवले होते. त्याहून साधी युक्ती म्हणजे ‘मशीन घेत नाही, परत ठेवा’ म्हणत दोनदा अंगठा घेणं.

यावर शहरातला सल्ला असा की आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. यूआयडीएआयच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर ते होतं आणि उपयोगीही आहे. मात्र लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही तुमचा अंगठा चालणार नाही. दर वेळी थोड्या वेळासाठी उघडावं लागतं, आणि त्याला आधारशी जोडलेला मोबाइल हवा. वीटभट्टीवर सहा महिने जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला हा सल्ला देणं म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला फ्रीज नसताना इन्सुलिन लिहून देण्यासारखं आहे. चालवता येतं, पण व्यवस्था आधी सांगावी लागते. ज्यांचं रेशन आणि मजुरी अंगठ्यावरच आहे, त्यांनी निदान एवढं करावं. प्रत्येक वेळी छापील पावती मागावी, ‘फेल झालं’ असं सांगितलं तरी त्याचीही पावती मागावी. दुसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी खात्यातली शिल्लक विचारावी. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावं. आणि पासबुक, एटीएम कार्ड मुकादमाकडे किंवा एजंटकडे ठेवायला देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. ज्यांचं अंगठ्यावाचून अडत नाही, त्यांनी बायोमेट्रिक खुशाल लॉक करावं.

योजनांच्या नावाने होणारी चोरी दुसरी. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि लगेच हुबेहूब दिसणाऱ्या बनावट वेबसाइट फिरू लागल्या. त्याच्या वर्षभर आधी खारघरच्या एका बाईंचा अर्ज भरला जाईना, कारण त्यांच्या आधारवर कुणीतरी आधीच अर्ज केलेला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीस अर्ज भरल्याचं तेव्हा उघड झालं. गरोदर बायांना मातृवंदना योजनेचे पैसे अडकलेत म्हणून फोन येतात, शेतकऱ्याला पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनवर येणारे ओटीपी चोर तिकडे बसून वाचतो. लक्षात ठेवायला एक खूण पुरे. सरकारी पैसे खात्यात यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत. शंका आलीच तर अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा कृषी सहायक यांना प्रत्यक्ष भेटून विचारा, मेसेजमधल्या नंबरवर नको.

कल्याणला कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं कुणी म्हणालं तर ते खातं चोरीचे पैसे फिरवायला जातं. खातं गोठतं ते तुमचं आणि पोलीस येतात ते तुमच्या घरी. याला मी कमाई म्हणणार नाही. ही आपली ओळख स्वतःच्या हाताने विकणं झालं.

दवाखान्यात तुमची ओळख

आमच्या व्यवसायाबद्दलही बोललं पाहिजे. हॉस्पिटलमध्ये माणूस आधार, रेशन कार्ड, फोटो, अंगठा, सगळं न विचारता देतो, कारण आत पेशंट झोपलेला असतो. आयुष्मान भारत योजनेचं ऑडिट करणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर ७,४९,८२० लाभार्थी नोंदलेले आढळले. आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावाने पुढे उपचार झाल्याच्या नोंदीही सापडल्या. लाभार्थी मोबाइल क्रमांकावरून ठरत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि काही नोंदी तारखांच्या घोळाच्या असतीलही. पण खोटा मोबाइल क्रमांक टाकला की तुमच्या नावावर काय उचललं गेलं याचा मेसेज तुम्हाला कधीच येणार नाही, हे तितकंच खरं.

बँकेतली चोरी निदान दिसते. तब्येतीच्या कागदांमधली चोरी वर्षांनी कळते. तुमच्या कार्डावर दुसऱ्याचं ऑपरेशन झालं तर कुटुंबाची त्या वर्षाची रक्कम संपते, आणि तुम्हाला गरज पडेल तेव्हा मंजुरी मिळत नाही. शिवाय त्याचा रक्तगट, त्याचा मधुमेह तुमच्या नोंदीत येऊन बसतो. आता ‘आभा’ क्रमांकाने कागद एकत्र जोडले जात असताना हा धोका वाढणारच आहे. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर स्वतःचाच मोबाइल क्रमांक लिहिला जातोय का ते पाहा. डिस्चार्जच्या वेळी कोणत्या आजाराखाली किती रकमेचा दावा केला ते विचारा; तो तुमचा हक्क आहे. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. तक्रारीसाठी आयुष्मानचा १४५५५ आणि महात्मा फुले योजनेचा १५५३८८ हे क्रमांक आहेत.

आधारची झेरॉक्स देऊ नका, असं यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आणि दोनच दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली. लोकांनी काय समजायचं? माझं मत असं की जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं आडवं लिहा. झेरॉक्सच्या दुकानात उरलेली खराब प्रत परत घ्यायला विसरू नका. आणि मोठ्या हॉस्पिटलचा नंबर गुगलवरून शोधून अपॉइंटमेंट घेताना ‘आधी पाच रुपये भरा’ म्हणून लिंक आली, तर ते हॉस्पिटल नाही असं समजा.

पैसे गेल्यावरचा पहिला तास

१९३०. हा क्रमांक देशभर चालतो. या फोनवर व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक सांगितली की पैसा ज्या खात्यात गेला ते खातं आणि तिथून पुढची खाती रोखायचा प्रयत्न होतो. चोर तोच पैसा खात्यांमागून खाती बदलत तासाभरात लांब नेतो, म्हणून मिनिटं मोजायची. त्यानंतर बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा किंवा शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे यांपैकी जवळच्या पोलीस ठाण्यात जा. एपीके उघडली असेल तर तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बोलायला दुसरा फोन घ्या. भातसा-तानसाच्या काठावरच्या काही पाड्यांवर रेंजसाठी टेकाड चढावं लागतं. तिथे धडधाकट पोराला पाठवा, फसलेल्या म्हाताऱ्याला पळवू नका.

गप्प राहण्याची किंमत नियमातही लिहिलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस लावलेत तर थोडी येते, आणि त्यापुढे बँक ठरवेल तसं. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी लवकर सांगणाऱ्याचा फायदा आहे. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ असा फोन येईल. तो त्याच जातीचा.

घरच्यांसाठी

२०२४ या एका वर्षात देशात २२,८४५ कोटी रुपये असे गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. एवढ्या लोकांना मूर्ख म्हणून प्रश्न सुटत नाही. तरी घरात काय होतं? ‘तुला अक्कल नाही का’, ‘मोबाइल काढून घ्या तिचा’, ‘पोरीच्या लग्नाचे होते ते’. बोलणाऱ्याचा रागही खरा असतो. पण आम्हाला दवाखान्यात जे दिसतं ते असं: माणूस झोप लागत नाही म्हणून येतो, मग पोटात आग पडते म्हणून, मग चक्कर. तपासण्या ठीक निघतात. तिसऱ्या खेपेला बायको बाहेर बसली की हळूच सांगतो, ‘डॉक्टर, माझ्याकडून एक चूक झालीय.’ तोपर्यंत १९३० ला फोन करायची वेळ कधीच निघून गेलेली असते.

म्हणून पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘बरं झालं सांगितलंस, चल फोन लावू.’ हिशोब आठवड्याने करा. पहिले काही दिवस त्या माणसाला एकटं ठेवू नका, नेहमीच्या गोळ्या समोर बसून द्या, आणि त्याच आठवड्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. झोपेची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

काही गोष्टी दिसल्या तर थांबू नका. दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, ‘मी तुमच्यावर ओझं झालोय’ असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक गप्प होणं. अशा वेळी सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने हा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. फवारणीची औषधं घरातून हलवा आणि कुलपात ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय इथेही आधी जाता येईल. मनाचं दुखणं आहे म्हणून ठाण्यालाच जावं लागेल असं नाही.

आणि पैसे गेल्याचं कळताक्षणी कुणाच्या छातीत दुखायला लागलं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर आधी १०८. त्या वेळी १९३० ला फोन घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लावायचा.